दिवसभराची सीएमई चालवताना व्यवस्था आणि मन दोन्ही ताळ्यावर कसे ठेवावे?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. आमच्या जिल्ह्यातील डॉक्टरांच्या संघटनेची एक दिवसाची सीएमई, म्हणजे निरंतर वैद्यकीय शिक्षणाची परिषद, येत्या हिवाळ्यात होणार असून तिच्या संयोजन सचिवपदाची जबाबदारी प्रथमच माझ्याकडे आली आहे. सुमारे अडीचशे प्रतिनिधी, आठ व्याख्याने, एक परिसंवाद, ऑनलाइन बोलणारे दोन वक्ते, दुपारचे जेवण आणि दोन वेळचा चहा असा एकूण पसारा आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे क्रेडिट पॉइंट मिळणार असल्यामुळे निरीक्षक उपस्थित राहतील आणि हजेरीची नोंद चोख ठेवावी लागेल. कौन्सिलकडील डॉक्टरांच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० पॉइंट मिळवावे लागत असल्याने प्रतिनिधी या बाबतीत स्वाभाविकच जागरूक असतात.

पूर्वतयारीबद्दल मला फारशी शंका नाही. निमंत्रणे, सभागृह, केटरर, स्मृतिचिन्हे ही कामे वेळेत होतील. माझा प्रश्न प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या दिवसाचा आहे. अशा अनेक कार्यक्रमांत मी पाहत आलो आहे की सकाळी नऊपासून सचिवांभोवती माणसांचा घोळका असतो, प्रत्येकाला त्यांच्याकडूनच उत्तर हवे असते, आणि अकरा वाजेपर्यंत त्यांचा आवाज चढलेला असतो. त्या दिवशी कामाचा धागा हातातून सुटू नये आणि मनही शांत राहावे, यासाठी अनुभवी मंडळी नेमके काय करतात, हे सविस्तर समजून घ्यायचे आहे.

विंगेतून (पुणे)

डॉक्टर, मी बरीच वर्षे व्यावसायिक नाटकांचे रंगमंच व्यवस्थापन केले असून आता प्रामुख्याने परिषदांचे काम पाहतो. तुम्ही ज्याला मनाची शांतता म्हणता, ती माझ्या मते स्वभावाची बाब फार थोडी आहे. कार्यक्रमाच्या दिवशी जितके कमी निर्णय नव्याने घ्यावे लागतील, तितके माणसाचे डोके थंड राहते, आणि म्हणून बहुतेक निर्णय आधीच्या आठवड्यात, घाई नसताना, कागदावर घेऊन ठेवणे हाच यावरचा खरा उपाय आहे.

पहिला निर्णय तुमच्या स्वतःबद्दलचा. ज्याच्याकडे संपूर्ण कार्यक्रमाची सूत्रे आहेत, त्याच्या हातात त्या दिवशी दुसरे कोणतेही काम असता कामा नये. तुम्ही प्रास्ताविक करणार, एका सत्राचे अध्यक्षपद भूषवणार, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणार आणि शिवाय कार्यक्रमही चालवणार असाल, तर अडचण आलेल्या क्षणी तुम्ही नेमके व्यासपीठावर पुष्पगुच्छ घेऊन उभे असाल. संघटनेचे सचिव म्हणून तुमचा मान व्यासपीठावर असेल, तर कार्यक्रम चालवण्याचे काम स्वच्छपणे दुसऱ्या कोणाकडे सोपवा आणि तसे सर्वांना कळवा. नाटकात तिसरी घंटा झाल्यावर विंगेतून प्रयोग कोण चालवतो याबद्दल कोणाच्याही मनात शंका नसते, मग निर्माते स्वतः तिथे उभे असले तरीही.

दुसरी गोष्ट अगदी साधी आहे, पण तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. निमंत्रणपत्रिकेवर चौकशीसाठी तुमचा मोबाइल क्रमांक छापू नका. अडीचशे प्रतिनिधींपैकी थोड्यांनी जरी सकाळी पार्किंग कुठे आहे आणि जागेवर नोंदणी होईल का हे विचारायला फोन केले, तरी तुमची सकाळ त्यातच संपते. चौकशीसाठी वेगळा क्रमांक द्या, तो नोंदणी कक्षातल्या एका शांत स्वभावाच्या व्यक्तीकडे असू द्या, आणि तुमचा स्वतःचा फोन दिवसभर एखाद्या सहकाऱ्याकडे सोपवा, म्हणजे खरोखर महत्त्वाचा तेवढाच निरोप तुमच्यापर्यंत येईल.

आता वेळापत्रकाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या पाहण्यात दिवस बिघडतो तो बहुधा इथेच. छापील कार्यक्रमपत्रिका श्रोत्यांसाठी असते. ती पाहून कार्यक्रम चालवता येत नाही. चालवण्यासाठी वेगळा कागद करावा लागतो आणि त्यात प्रत्येक ओळीला घड्याळाची वेळ, त्या वेळी व्यासपीठावर कोण आहे, कोणता माईक चालू आहे, पडद्यावर काय दिसते आहे, आणि पुढची व्यक्ती कोण असून तिला पहिल्या रांगेत आणून बसवण्याची जबाबदारी कोणाची, एवढे सगळे लिहिलेले असावे. असा कागद करायला बसलात की लगेच लक्षात येईल की पत्रिकेत वीस मिनिटांचे दिसणारे व्याख्यान प्रत्यक्षात पंचवीस-सव्वीस मिनिटांचे आहे. दोन सत्राध्यक्षांना व्यासपीठावर बोलावणे, वक्त्यांचा परिचय, लॅपटॉपवर त्यांचे सादरीकरण उघडणे, व्याख्यानानंतर स्मृतिचिन्ह आणि मग छायाचित्र, यांत प्रत्येक वेळी चार मिनिटे गेली तरी आठ व्याख्यानांत ३२ मिनिटे जातात, आणि ती पत्रिकेत कुठेच धरलेली नसतात. मग दोष मात्र वक्त्यांना दिला जातो. सगळे सत्कार त्या त्या सत्राच्या शेवटी एकत्र घ्या, परिचय तीन वाक्यांचा ठेवा, आणि जेवणापूर्वी वीस मिनिटे कोणालाही न सांगता मोकळी सोडा.

याच कागदाच्या मागच्या बाजूला, वेळ कमी पडल्यास काय गाळायचे, हे क्रमाने लिहून ठेवा. परिसंवाद चाळीस मिनिटांचा पंचवीस करायचा, मग दुपारचा चहा जागेवरच द्यायचा, मग आभारप्रदर्शन दोन मिनिटांत आटोपायचे, असा क्रम अध्यक्षांच्या संमतीने आधीच ठरलेला असला, तर दुपारी तीन वाजता उशीर झालेला असताना चार ज्येष्ठांमध्ये त्यावर चर्चा होत बसत नाही.

केटररशीही हेच बोलून ठेवावे. जेवण एक वाजता असे नुसते सांगू नका. तुमच्या माणसाचा निरोप आल्यावरच पोळ्या करायला घ्यायच्या, आणि बाकीचे पदार्थ अर्धा तास गरम ठेवता यायला हवेत, हे आधी ठरवा.

भूलतज्ज्ञ (नाशिक)

वरील प्रतिसादाशी मी पूर्णपणे सहमत आहे. आपण स्वतः डॉक्टर असल्यामुळे आपल्याच क्षेत्रातील एक परिचित साधन इथे उपयोगी पडेल असे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची सुरक्षा तपासणी सूची प्रसिद्ध केली. त्या कामाचे नेतृत्व डॉ. अतुल गवांदे यांच्याकडे होते, आणि त्यांचे घराणे यवतमाळ जिल्ह्यातले आहे, याचा आपल्याला आनंद वाटणे साहजिक आहे. त्या सूचीत छेद घेण्यापूर्वी थांबून करायच्या गोष्टींमध्ये एक मुद्दा असा आहे की शस्त्रक्रियागृहातील प्रत्येकाने स्वतःचे नाव आणि काम सांगावे. ज्याने एकदा सर्वांसमोर तोंड उघडले आहे, तो पुढे काही चुकीचे दिसल्यास बोलायला कचरत नाही, हा त्यामागचा विचार आहे.

आम्ही आमच्या शाखेच्या सीएमईत हीच पद्धत वापरतो. सकाळी आठ वाजता सभागृहात सगळे दहा मिनिटे उभे राहतात. ध्वनिव्यवस्था पाहणारे, सभागृहाचे वीजतंत्री, केटररचे पर्यवेक्षक, नोंदणी कक्षातील मुली, निवेदिका असे सगळे, केवळ समितीचे सदस्य नव्हेत. प्रत्येक जण नाव आणि काम सांगतो, आणि आज तुमच्या कामात अडचण येण्याची शक्यता कुठे आहे, एवढा एकच प्रश्न त्याला विचारला जातो. वीजतंत्र्यांना जे ठाऊक असते, ते संयोजकांना बहुधा ठाऊक नसते; जनरेटर सुरू होऊन भार घेईपर्यंत किती वेळ जातो, हे त्यांनाच विचारावे लागते.

मन शांत ठेवण्याविषयी माझ्या मनात घर करून राहिलेले उदाहरण २० जुलै १९६९ चे आहे. अपोलो ११ चे चांद्रयान उतरत असताना त्याच्या संगणकाने १२०२ या क्रमांकाचा इशारा दिला, आणि ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात मार्गदर्शन यंत्रणा सांभाळणारे स्टीव्ह बेल्स यांना उतरण्याची प्रक्रिया चालू ठेवायची की थांबवायची, हे काही सेकंदांत सांगायचे होते. त्यांचे वय तेव्हा २६ वर्षांचे होते. त्यांनी चालू ठेवण्यास सांगितले, कारण त्यांना साहाय्य करणारे जॅक गार्मन यांच्यासमोर त्या संगणकाच्या सर्व इशाऱ्यांची हाताने लिहिलेली यादी होती. काही दिवस आधी झालेल्या सरावात अशाच एका इशाऱ्यावरून मोहीम विनाकारण थांबवली गेली होती, आणि त्यानंतर उड्डाण संचालक जीन क्रँझ यांनी प्रत्येक इशाऱ्याचा अभ्यास करायला लावला होता. तसेच अंतराळवीरांशी त्या कक्षातून एकच व्यक्ती बोलत असे. इतर सर्व जण आपले म्हणणे उड्डाण संचालकांकडे मांडत. सीएमईसाठीही एक सायंकाळ अशी काढा की पाच-सहा जण बसून, वीज गेली, पहिले वक्ते पोहोचलेच नाहीत, ऑनलाइन वक्त्यांचा आवाज येत नाही, एखाद्या प्रतिनिधीला भोवळ आली, अशा प्रसंगांत कोण काय करील, हे बोलून लिहून ठेवतील. भोवळ येण्याचा प्रसंग तर डॉक्टरांच्या सभेत मुद्दाम ठरवून ठेवावा लागतो, कारण तिथे एकाच वेळी वीस जण धावतात. पुढे कोणी व्हायचे आणि रुग्णवाहिकेला फोन कोणी करायचा, ही दोन नावे निश्चित असावीत.

शरीराचीही काळजी घ्या. आदल्या रात्री झोप, सकाळी पोटभर नाश्ता, हाताशी पाण्याची बाटली, आणि एखादा प्रसंग उभा राहिल्यास उत्तर देण्यापूर्वी तीन-चार सावकाश श्वास, त्यातही उच्छ्वास श्वासापेक्षा लांब. दीर्घ उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते, हे मी आपल्याला वेगळे सांगायला नको, पण व्यासपीठामागे उभे असताना ते आठवावे लागते.

ध्वनिसंयोजक (कोल्हापूर)

तांत्रिक बाजू थोडक्यात मांडतो, कारण ऐन कार्यक्रमात संयोजकांचा धीर बहुधा इथेच सुटतो. सर्व सादरीकरणे आदल्या संध्याकाळपर्यंत एकाच लॅपटॉपवर घ्यावीत, प्रत्येक वक्त्यांनी ती तिथे स्वतः उघडून चित्रफिती आणि अक्षरे तपासावीत, आणि व्यासपीठावर कोणाचाही स्वतःचा लॅपटॉप जोडू देऊ नये. तशाच तयारीचा दुसरा लॅपटॉप शेजारी चालू ठेवावा. दोन्हींवरच्या सूचना, आपोआप झोपी जाण्याची सोय आणि व्हॉट्सॲप बंद असावे.

प्रोजेक्टर, आवाजाचा मिक्सर आणि लॅपटॉप यूपीएसवर (वीज गेल्यावर बॅटरीवर चालू ठेवणाऱ्या संचावर) असू द्या. जनरेटर काही सेकंदांत सुरू झाला, तरी दिव्याचा प्रोजेक्टर एकदा बंद पडला की थंड होऊन पुन्हा पूर्ण उजळायला काही मिनिटे घेतो, आणि ती मिनिटे सभागृहाला फार मोठी वाटतात. बिनतारी माईकच्या बॅटऱ्या जेवणाच्या सुट्टीत, चालू असल्या तरी, बदलाव्यात. प्रश्नोत्तरांचे माईक स्वयंसेवकांनी स्वतःच्या हातात धरावेत, श्रोत्यांच्या हाती देऊ नयेत.

ऑनलाइन वक्त्यांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगतो. सभागृहाचा आवाज त्यांना पाठवताना त्यातून त्यांचा स्वतःचा आवाज वगळावा लागतो, अन्यथा त्यांना स्वतःचेच शब्द क्षणभराने परत ऐकू येतात आणि ते अडखळतात. ही जोडणी आदल्या दिवशी त्याच वक्त्यांबरोबर, त्याच इंटरनेटवर तपासा आणि त्यांच्याकडून व्याख्यानाचे ध्वनिचित्रमुद्रण आधीच मागवून ठेवा. जोडणी तुटली तर मुद्रण लावायचे आणि प्रश्न मोबाइलवरून घ्यायचे. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करणार असाल, तर वाहिनीवरची ती सुविधा काही दिवस आधी सुरू करा, कारण पहिल्यांदा ती सुरू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो.

पडद्याआड (ठाणे)

एका मुद्द्यावर माझे मत थोडे वेगळे आहे. सगळी सूत्रे एका व्यक्तीकडे असावीत हे खरे, परंतु त्याचा अर्थ सगळे प्रश्न तिच्याकडे यावेत असा घेतला गेला, तर प्रश्नकर्त्यांनी वर्णन केलेला घोळकाच पुन्हा तयार होतो. नोंदणी, भोजन, पाहुणे, व्यासपीठ आणि तंत्र या पाच विभागांच्या प्रमुखांना, कोणालाही न विचारता किती रकमेपर्यंत खर्च करता येईल आणि कोणते निर्णय त्यांचे त्यांनीच घ्यायचे, हे लेखी दिलेले असावे. पाण्याचे आणखी दहा बॉक्स मागवायचे का, हा प्रश्न सचिवांपर्यंत पोहोचताच कामा नये. वेळापत्रकात बदल करायचा असेल, तेवढाच विषय एका व्यक्तीकडे जावा.

व्हॉट्सॲपच्या गटाविषयीही सावध राहावे असे मला वाटते. शंभर संदेशांच्या आणि छायाचित्रांच्या गर्दीत महत्त्वाचा निरोप वाचलाच जात नाही. त्या दिवसापुरता पाच प्रमुखांचाच वेगळा गट करा आणि त्यात छायाचित्रे टाकू नयेत असे ठरवा. सभागृह मोठे असेल तर वॉकीटॉकी अधिक चांगले. आपल्याकडे ४४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील कमी शक्तीचे संच परवान्याविना वापरता येतात.

हजेरीचा विषय आपण काढला आहे म्हणून लिहितो. सह्यांच्या वह्या आडनावाच्या आद्याक्षरांनुसार चार-पाच टेबलांवर विभागा आणि निरीक्षकांसाठी एक व्यक्ती पूर्ण वेळ द्या, जिच्याकडे नोंदणीची यादी, कार्यक्रमपत्रिका आणि वक्त्यांची माहिती एका फाइलमध्ये तयार असेल.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. सत्कारांच्या वेळेचा हिशेब मी आजच आमच्या पत्रिकेला लावून पाहिला आणि पाऊण तास कुठेही धरलेला नाही, हे समितीसमोर मांडले. विभागप्रमुखांना खर्चाची मर्यादा देण्याचेही आज ठरले.

दोन शंका उरतात. आमचे दोन वक्ते अत्यंत ज्येष्ठ असून समितीतील अनेकांचे गुरू आहेत. त्यांची वेळ संपल्याचे त्यांना कोणी आणि कसे सांगावे? आणि उद्घाटनाला येणाऱ्या मान्यवरांना उशीर झाला, तर अडीचशे डॉक्टरांना किती वेळ थांबवून ठेवावे?

निवेदिका (छत्रपती संभाजीनगर)

दोन्ही प्रश्न निवेदकांच्या वाट्याला नेहमी येतात, म्हणून लिहिते आहे.

ज्येष्ठ वक्त्यांचा मान राखण्याची सुरुवात पत्रापासून होते. निमंत्रणाच्या पत्रातच, व्याख्यानासाठी १८ मिनिटे आणि प्रश्नांसाठी ५ मिनिटे राखून ठेवली आहेत, असे स्पष्ट लिहावे आणि आठवडाभर आधी त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्याने फोन करून, सर, आपल्यानंतर लगेच दुसरे व्याख्यान आहे, असे आदराने सांगावे. व्यासपीठासमोर, केवळ वक्त्यांना दिसेल असा उलटे घड्याळ दाखवणारा एक पडदा ठेवावा. त्यावर पाच मिनिटे आणि एक मिनिट उरल्याची खूण स्पष्ट दिसावी. अनेक ज्येष्ठ वक्ते या घड्याळाबद्दल नंतर आवर्जून समाधान व्यक्त करतात, कारण त्यांनाही वेळेचे भान हवे असते आणि बोलण्याच्या भरात मनगटाकडे पाहणे त्यांना अवघड जाते. त्यानंतरही वेळ ओलांडली गेली, तर बोलण्याचा अधिकार सत्राध्यक्षांचा आहे आणि तो त्यांनी वापरायचा आहे, हे त्यांना सत्रापूर्वी समजावून सांगा. बहुतेक सत्राध्यक्षांना आपल्याकडून ही अपेक्षा आहे हेच कोणी सांगितलेले नसते. मी स्वतः अशा वेळी व्यासपीठाच्या कडेला, वक्त्यांना दिसेल अशी, हातात माईक घेऊन शांतपणे उभी राहते. तेवढे बहुधा पुरते. तरीही बोलावे लागलेच, तर "सर, या विषयावर श्रोत्यांना आपल्याला प्रश्न विचारायचे आहेत, आपली अनुमती असेल तर आता प्रश्न घेऊ या," असे म्हणते. या वाक्यात त्यांना थांबायला सांगितले जात नाही, तर त्यांच्याकडे आणखी काही मागितले जाते. माईक बंद करणे किंवा चिठ्ठ्या पाठवणे मात्र कृपया करू नका. भर सभेत एखाद्या गुरुजनांचा अवमान झाला, तर पुढचे तीन तास सभागृहात तोच विषय चालतो.

उद्घाटनाबाबत माझी विनंती अशी आहे की ते सकाळी ठेवूच नये. शास्त्रीय सत्र साडेनऊला सुरू करा आणि उद्घाटन जेवणाच्या आधी, साडेबारा वाजता घ्या. मान्यवर लवकर आले तर ते व्याख्यान ऐकतील, उशीर झाला तर कोणी ताटकळणार नाही, आणि त्या वेळी सभागृहही पूर्ण भरलेले असते. सकाळीच घेणे भाग असेल, तर पंधरा मिनिटांपलीकडे थांबायचे नाही, असे अध्यक्षांकडून आधी वदवून घ्या आणि पहिल्या वक्त्यांना तयार ठेवा.

खोळंबा कोणत्याही कारणाने झाला, तरी श्रोत्यांना कारण आणि वेळ दोन्ही सांगावे. "थोड्याच वेळात" या शब्दांवर कोणाचा विश्वास उरलेला नाही. "प्रोजेक्टर सुरू होण्यास साधारण चार मिनिटे लागतील, तोपर्यंत सत्राध्यक्ष मागील व्याख्यानावरील प्रश्न घेतील" असे सांगितले, की लोक निवांत बसतात आणि त्यांना निवांत पाहून आपलाही जीव भांड्यात पडतो. अशी तीन-चार निवेदने आधीच लिहून निवेदकांच्या फाइलमध्ये ठेवावीत, कारण त्या क्षणी नेमके शब्द सुचत नाहीत.

दीपप्रज्वलनाचेही पाहून ठेवा. वातानुकूलित सभागृहात समई वाऱ्याच्या झोताखाली ठेवली की ज्योत टिकत नाही आणि मान्यवर काड्या ओढत राहतात. समईची जागा आदल्या दिवशी वातानुकूलन चालू ठेवून ठरवा, वाती रात्रीच तेलात भिजवून ठेवा, आणि काडेपेटीबरोबर एक पेटवलेली मेणबत्ती हाती देण्यासाठी एका स्वयंसेवकाला नावानिशी नेमा.